परीकथांतील स्त्री-पुरुषचित्रण

लहान मुलांना सांगितल्या जाणाऱ्या किंवा त्यांच्यासाठी छापल्या जाणाऱ्या अद्‌भुतकथांत स्त्री आणि पुरुष यांचे स्वभाव, कर्तव्ये व फलप्राप्ती यांची जी ठराविक रूपे आढळतात, त्यांचा विचार या विषयात अंतर्भूत होतो. राजकन्या सुंदर, सोशिक आणि आज्ञाधारक असावी. तिच्यावर संकट यावे. राजपुत्राने साहस करून तिला सोडवावे आणि अखेरीस दोघांचा विवाह व्हावा, हा परीकथेचा सर्वपरिचित सांगाडा होय. कर्तबगार स्त्री या सांगाड्यात बहुधा सावत्र आई किंवा चेटकीण म्हणूनच येते. हे चित्र लोकपरंपरेतून जसेच्या तसे उतरले आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. तथापि सतराव्या शतकापासूनच्या छापील संग्रहांची परस्परांशी तुलना केली असता असे दिसते, की त्याचा बराच भाग संकलक, संपादक आणि प्रकाशक यांनी केलेल्या निवडीतून व फेरफारांतून सिद्ध झालेला आहे. मौखिक कथांत निराळ्या प्रकृतीच्या स्त्रिया आणि निराळ्या प्रकृतीचे पुरुषही विपुल आहेत. बालवाचकापर्यंत मात्र ते क्वचितच पोचले.

परीकथा ही संज्ञाही काहीशी फसवी आहे; कारण या वर्गातील बहुसंख्य कथांत परी नसतेच. मादाम दोलन्वा (सु. १६५०–१७०५) या फ्रेंच लेखिकेच्या १६९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संग्रहाच्या शीर्षकावरून हे नाव यूरोपीय भाषांत रूढ झाले. त्या दशकात फ्रान्समध्ये परीकथालेखनाची जी लाट आली, तीत निम्म्याहून अधिक कथा स्त्रियांनी लिहिलेल्या होत्या. या लेखिका आपल्या दिवाणखान्यांत जमणाऱ्या सुशिक्षित मंडळींसाठी लिहीत; मुले हा त्यांचा वाचकवर्ग नव्हता. मनाविरुद्ध लावलेले विवाह आणि पत्नीची पराधीनता हे विषय त्यांनी परीकथेच्या आडून मांडले. मारी-झान लेरित्ये (१६६४–१७३४) हिच्या एका कथेतील फिनेत ही राजकन्या आपल्या दोन बहिणींना फसविणाऱ्या कपटी राजपुत्राला केवळ चातुर्याच्या बळावर नामोहरम करते. ही कथा पुढे दीर्घकाळ शार्ल पेरो (१६२८–१७०३) याच्या नावावर छापली जात होती, हे लक्षणीय आहे. कालांतराने या लेखिका मागे पडल्या आणि पेरोच्या १६९७ मधील संग्रहातील आठ गद्यकथा तेवढ्या जगभर पसरल्या.

एकाच कथेची निरनिराळी रूपे शेजारीशेजारी ठेवली, म्हणजे फेरफारांचे स्वरूप ध्यानात येते. लाल टोपीवाल्या मुलीची कथा हे त्याचे उत्तम उदाहरण होय. पेरोच्या कथेत लांडगा आजीला व नातीला खाऊन टाकतो आणि कथा तेथेच संपते. तरुण मुलींनी भलत्यासलत्यांचे ऐकू नये, असे पद्यमय तात्पर्य शेवटी जोडलेले आहे. जर्मनीतील ग्रिम बंधूंच्या कथेत एक शिकारी लांडग्याचे पोट फाडून दोघींना बाहेर काढतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सच्या न्येव्ह्र भागात तोंडी परंपरेतून नोंदविलेल्या रूपात शिकारी नाहीच. मुलगी शौचाचे निमित्त काढून बाहेर पडते, लांडग्याने तिच्या पायाला बांधलेली दोरी सोडवून झाडाला बांधते आणि पळत घर गाठते. विशेष म्हणजे ग्रिम बंधूंनीही आपल्या कथेला एक दुसरा शेवट जोडला होता. त्यात पुन्हा आलेल्या दुसऱ्या एका लांडग्याला आजी व नात मिळून युक्तीने दगडी डोणीतील पाण्यात बुडवून मारतात. मुलांच्या पुस्तकांतून हा शेवट जवळजवळ नेहमीच गाळला जातो.

निद्रिस्त सुंदरीच्या कथेची वाटचाल याहून वेगळी आहे. जामबात्तीस्ता बाझीले (मृ. १६३२) या इटालियन लेखकाचा नेपल्सच्या बोलीतील कथासंग्रह त्याच्या निधनानंतर १६३४–३६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील राजा झोपलेल्या तालियावर बलात्कार करून निघून जातो. झोपेतच तिला जुळी मुले होतात आणि त्यांपैकी एकाने तिच्या बोटात रुतलेला अंबाडीचा तंतू चोखून काढल्यावर तिला जाग येते. पेरोने हा प्रसंग टाकून दिला. त्याचा राजपुत्र तिच्याजवळ नुसता गुडघे टेकतो. ग्रिम बंधूंच्या कथेत चुंबन येते. परंतु शंभर वर्षांची मुदत नेमकी त्याच दिवशी संपलेली असते आणि काटेरी कुंपण आपोआप फुलून वाट देते. त्याआधी आलेले कितीतरी राजपुत्र त्याच काट्यांत अडकून मेलेले असतात. म्हणजे विजयी राजपुत्राचा पराक्रम योग्य दिवशी येण्यापलीकडे जात नाही. हिमगौरीच्या कथेत तर ग्रिम बंधूंनी चुंबन घातलेलेच नाही. शवपेटी वाहून नेणारे सेवक ठेचाळतात, त्या हिसक्याने तिच्या घशातील विषारी सफरचंदाचा तुकडा बाहेर पडतो आणि ती जागी होते. बेडूक झालेल्या राजपुत्राच्या कथेतही राजकन्या बेडकाचे चुंबन घेत नाही. ती त्याला संतापाने भिंतीवर आपटते आणि तेवढ्याने तो शापमुक्त होतो.

सिंड्रेलाचेही असेच आहे. बाझीलेची झेझोल्ला आपल्या पहिल्या सावत्र आईच्या मानेवर पेटीचे झाकण आदळून तिचा जीव घेते. पेरोची सिंड्रेला छळणाऱ्या बहिणींना क्षमा करून दरबारातील सरदारांशी त्यांची लग्ने लावून देते. ती सर्वांत लोकप्रिय ठरली. त्याचप्रमाणे पेरोच्या नीलदाढ्याच्या कथेत बंद खोली उघडणाऱ्या पत्नीला तिचे भाऊ येऊन वाचवितात आणि तात्पर्यात दोष लागतो, तो स्त्रीच्या कुतूहलाला. इतक्या बायकांचा खून करणाऱ्या नवऱ्याला नव्हे. ग्रिम बंधूंच्या संग्रहात याच आशयाची दुसरी एक कथा आहे. तीत तिसरी बहीण मारल्या गेलेल्या दोघी बहिणींचे तुकडे जुळवून त्यांना जिवंत करते, टोपलीत लपवून त्या मांत्रिकाच्याच पाठीवरून त्यांना घरी पोचविते आणि अंगाला मध व पिसे फासून स्वतःही निसटते. ही कथा बालवाङ्‌मयात फारशी आढळत नाही.

याकोप (१७८५–१८६३) व व्हिल्हेल्म (१७८६–१८५९) या ग्रिम बंधूंच्या संग्रहाचा पहिला खंड १८१२ मध्ये व दुसरा १८१५ मध्ये निघाला. १८५७ पर्यंत त्याच्या सात आवृत्त्या झाल्या आणि पहिल्या आवृत्तीनंतरचे संपादन मुख्यतः व्हिल्हेल्मने केले. पहिली आवृत्ती मुलांच्या हाती देण्याजोगी नाही, अशी टीका झाल्यावर कथांना मध्यमवर्गीय कुटुंबाला रुचेल असे वळण देण्यात आले. १८२५ मध्ये पन्नास कथांची छोटी सचित्र आवृत्ती खास मुलांसाठी काढण्यात आली. १८१२ च्या आवृत्तीत मनोऱ्यात कोंडलेली रापुंझेल आपले कपडे घट्ट का होऊ लागले, असे भोळेपणाने विचारते आणि तिचे गरोदरपण उघडकीस येते. हा प्रश्न पुढे काढून टाकण्यात आला. त्याहून महत्त्वाचा बदल आईच्या चित्रणात झाला. पहिल्या आवृत्तीत हिमगौरीच्या जिवावर उठणारी राणी तिची सख्खी आई होती. १८१९ मध्ये ती सावत्र झाली. हान्सेल व ग्रेटेल यांना रानात सोडण्याचा आग्रह धरणारी आईदेखील १८४० च्या आवृत्तीपासून सावत्र आई म्हणून दिसू लागते. बाळंतपणात स्त्रिया मोठ्या प्रमाणावर दगावत असत, त्या काळात सावत्र आई ही घरोघरची वस्तुस्थिती होती हे खरे. परंतु या कथांतील बदल मातृत्वाची प्रतिमा निष्कलंक राखण्यासाठी करण्यात आला. बायकोच्या हट्टापुढे मान तुकविणारा बाप मात्र सख्खाच राहिला आणि कथेच्या शेवटी मुले त्याच्याकडेच परत येतात.

रूथ बॉटिगहाइमर या अमेरिकन विदुषीने १९८७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या आवृत्त्यांतील संभाषणांचा बारकाईने तपास केला आहे. आवृत्तीगणिक सुस्वभावी नायिकांच्या तोंडचे शब्द कमी होत गेले आणि पुरुषांच्या व दुष्ट स्त्रियांच्या तोंडी ते वाढले, असा तिचा निष्कर्ष आहे. बडबडी स्त्री वाईट आणि मुकी स्त्री चांगली, असा संकेत त्यातून दृढ झाला. ग्रिम बंधूंच्या ‘सहा हंस’ या कथेत भावांना शापमुक्त करण्यासाठी बहिणीला सहा वर्षे न बोलता, न हसता फुलांचे सदरे शिवावे लागतात. तिची मुले पळविली जातात, तिच्यावर बालहत्येचा आळ येतो, तिला चितेवर चढविले जाते; तरी ती बोलत नाही. हॅन्स क्रिश्चन अँडरसन (१८०५–७५) याने १८३८ मध्ये हीच कल्पना घेऊन फुलांच्या जागी खाजकुइलीसारखी आग करणारी वनस्पती योजिली. त्याच्या १८३७ मधील जलपरीची तर जीभच कापली जाते. मौनाच्या या कथांकडे सोशिकपणाचा गौरव म्हणून पाहता येते. पण सहा वर्षांचे असे व्रत तडीस नेणारी नायिका दुबळी म्हणता येत नाही. तिचे शौर्य निराळ्या जातीचे आहे, एवढेच.

मौनाइतकेच या कथांत कताईचे काम वारंवार येते, कारण यूरोपातील ग्रामीण स्त्रीचे आयुष्य चरख्यापाशी जात होते आणि कथाही सूत कातताना सांगितल्या जात. छापील संग्रहात कताई हे सुगृहिणीचे लक्षण ठरले. पण ‘तिघी सूतकातणाऱ्या’ या ग्रिम कथेतून सांगणाऱ्या स्त्रियांचे खरे मत डोकावते. त्यातील आळशी मुलीचे काम तीन म्हाताऱ्या करून देतात. पायटा मारून एकीचे पाऊल पसरट झालेले, सूत ओले करून दुसरीचा ओठ लोंबलेला आणि धागा पिळून तिसरीचा अंगठा रुंद झालेला असतो. लग्नाच्या वेळी त्यांना पाहून राजपुत्र इतका हादरतो, की आपल्या बायकोने यापुढे चरख्याला हात लावू नये, असे तो फर्मावतो. आळशी मुलीला येथे शिक्षा नाही, सुटका आहे. ग्रिम बंधूंना कथा पुरविणाऱ्यांतही स्त्रियाच अधिक होत्या. कासेल येथील व्हिल्ट व हासेनफ्लुग या सुखवस्तू घराण्यांतील तरुणी आणि डोरोथेआ फीमान (१७५५–१८१५) ही शिंप्याची पत्नी त्यांत प्रमुख होत. स्त्रियांनी सांगावे आणि पुरुषांनी लिहावे ही विभागणी इतरत्रही होती. अँड्रू लँग (१८४४–१९१२) याच्या नावाने १८८९ ते १९१० या काळात निघालेल्या बारा रंगीत परीकथासंग्रहांचे भाषांतर बव्हंशी त्याची पत्नी लिओनोरा व इतर स्त्रियांनी केले होते.

पुरुषांच्या चित्रणाची चर्चा त्या मानाने कमी झाली आहे. परीकथेतील राजपुत्राला बहुधा नाव नसते आणि मनही नसते. रशियन अभ्यासक व्ह्लद्यीमिर प्रोप (१८९५–१९७०) याने १९२८ मध्ये अद्‌भुतकथेतील पात्रांच्या सात भूमिका निश्चित केल्या. त्यांत राजकन्या व तिचा पिता यांची मिळून एकच भूमिका मानली आहे. पिता पण लावतो आणि कन्या बक्षीस ठरते. या व्यवस्थेत तरुणाला स्वतःची किंमत प्रत्येक वेळी सिद्ध करावी लागते. पण हरणाऱ्यांची मुंडकी राजवाड्याच्या कुंपणावर टांगलेली असतात आणि त्यांच्यासाठी कथेत कोणी रडत नाही. मुलाने भिऊ नये, या शिकवणीचीही कथाकारांनी कधीकधी थट्टा केली आहे. ग्रिम बंधूंच्या एका कथेतील तरुण भीती म्हणजे काय हे शिकायला बाहेर पडतो. भुते आणि प्रेते त्याला भिववू शकत नाहीत, ते काम शेवटी त्याची बायको व तिची दासी अंथरुणात थंडगार पाण्याची बादली ओतून करतात. यशस्वी नायक पुष्कळदा भोळसट धाकटा मुलगा, नोकरीवरून काढलेला शिपाई किंवा शिंपी असतो आणि म्हाताऱ्याला भाकरीचा तुकडा देणे एवढेच त्याचे भांडवल असते. फ्रान्त्स क्साव्हर फोन शोनव्हेर्ट (१८१०–८६) याने बव्हेरियातील ओबरफाल्त्स भागात जमविलेल्या सु. ५०० कथा रेगेन्सबुर्ग येथील संग्रहात अप्रकाशित पडून होत्या. त्यांतील निवडक कथा २०१० मध्ये प्रसिद्ध झाल्या. छळ सोसणारे आणि शापमुक्तीसाठी मुलींच्या धैर्यावर अवलंबून असणारे तरुण त्यांत लक्षणीय संख्येने आढळतात. शोनव्हेर्टने ग्रिम बंधूंप्रमाणे आपल्या कथांवर संस्कार केले नव्हते.

भारतीय कथांतही संकलनापूर्वीचे हे वैविध्य दिसते. मुंबईचे गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांची कन्या मेरी फ्रिअर हिने १८६८ मध्ये ओल्ड डेक्कन डेज हा संग्रह प्रसिद्ध केला. त्यातील कथा तिची आया ॲना लिबराता द सोझा हिने सांगितलेल्या आहेत. गोव्याजवळ स्थायिक होऊन ख्रिस्ती झालेल्या कुटुंबातील या आयेने त्या आपल्या आजीकडून ऐकल्या होत्या. त्यांतील सेवंतीबाई पुरुषवेष धारण करून राजाच्या पदरी चाकरी करते आणि कठीण कामगिऱ्या पार पाडते. सोदेवाबाईचा जोडा हरवून राजपुत्राच्या हाती लागतो, तो भाग सिंड्रेलाच्या कथेची आठवण करून देतो.

मराठी व्रतकथांचे, म्हणजे कहाण्यांचे, उदाहरण अधिक बोलके आहे. सोमवारच्या शिवामुठीच्या कहाणीतील राजाच्या चार सुनांपैकी नावडतीला उष्टे खावे लागते, जाडेभरडे नेसावे लागते आणि गुरे राखावी लागतात. तिची स्थिती चुलीजवळच्या सिंड्रेलाहून वेगळी नाही. मात्र तिला बाहेर काढतो, तो राजपुत्र नव्हे. रानात भेटलेल्या नागकन्या व देवकन्या यांच्याकडून ती वसा घेते आणि स्वतः तो पाळून सासऱ्याची मर्जी परत मिळविते. यूरोपीय परीकथा जेथे संपते, तेथे कहाणी सुरू होते. विवाह आधीच झालेला असतो आणि खरा प्रश्न सासरी टिकून राहण्याचा असतो. कन्नड लोककथांचे संकलक व अभ्यासक ए. के. रामानुजन (१९२९–९३) यांनीही स्त्रियांनी सांगितलेल्या कथांचा हा विशेष नोंदविला आहे. अर्थात कहाणीतील फलप्राप्ती पती, पुत्र आणि सासरचा मान यांपुढे जात नाही, हेही खरे. स्वतःच्या युक्तीने जीव वाचविणारी, मराठी मुलांच्या सर्वांत परिचयाची व्यक्ती मात्र राजकन्या नसून, लेकीच्या घरून भोपळ्यात बसून परतणारी म्हातारी होय. तिला ना रूप आहे, ना विवाहाची अपेक्षा. कदाचित म्हणूनच कथाकारांनी तिला मोकळे सोडले असावे.

विसाव्या शतकात निवडीचे काम चित्रपटाकडे गेले. वॉल्ट डिझ्नीच्या संस्थेने हिमगौरी (१९३७), सिंड्रेला (१९५०) आणि निद्रिस्त सुंदरी (१९५९) या तीन कथांवर काढलेले चित्रपट इतके पसरले, की शेकडो कथांमधून याच तीन परीकथेचा नमुना ठरल्या. हिमगौरीला जागे करणारे चुंबन या चित्रपटामुळेच सर्वतोमुखी झाले. जलपरीवरील चित्रपटात (१९८९) अँडरसनचा शोकान्त टाकून विवाह घालण्यात आला. दोन अमेरिकन भाषाभ्यासकांनी २०१६ मध्ये मांडलेल्या मोजणीनुसार १९५९ च्या चित्रपटातील सु. ७० टक्के संवाद स्त्रीपात्रांच्या तोंडी होते, तर १९८९ च्या चित्रपटात हे प्रमाण एक-तृतीयांशाच्या आत आले. नायिका अधिक धीट झाली, पण तिच्याभोवतीची बहुतेक पात्रे पुरुष होती. छापील पुस्तकांचीही गोष्ट तशीच. ग्रिम बंधूंच्या १६८ कथांची एक समाजशास्त्रीय पाहणी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. मुलांसाठी पुनःपुन्हा छापल्या गेलेल्या कथा त्यांत सु. एक-चतुर्थांशच निघाल्या आणि स्त्रीच्या रूपाचे वर्णन जितके अधिक, तितकी ती कथा टिकून राहण्याचा संभव अधिक, असे आढळले. अँडरसनच्या हिमराणीच्या कथेत (१८४४) गेर्डा ही मुलगी एकटी दूरदेशी जाऊन काय या मुलाला सोडविते; १८४४ पासून उपलब्ध असलेली ही कथा डिझ्नीच्या चित्रपटाचा आधार झाली, ती २०१३ मध्ये आणि तीही ओळखू येणार नाही इतकी बदलून.

या चित्रणाचा मुलांवर काय परिणाम होतो, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. ॲलिसन लुरी (१९२६–२०२०) या कादंबरीकर्तीने १९७० मध्ये परीकथांत कर्तबगार स्त्रिया भरपूर आहेत, असे प्रतिपादन केले. तिला उत्तर देताना मार्सिया लीबरमन हिने १९७२ मध्ये असे दाखविले, की मुलांच्या हाती प्रत्यक्षात पडणाऱ्या कथा वेगळ्याच आहेत. त्यांत रूपाला बक्षीस मिळते आणि वाट पाहणे हाच नायिकेचा उद्योग असतो. दोघींचे म्हणणे आपापल्या जागी खरे आहे; एक भांडाराविषयी बोलते, तर दुसरी बाजाराविषयी. मानसशास्त्रज्ञ ब्रूनो बेटलहाइम (१९०३–९०) याने १९७६ मध्ये असे मत मांडले, की मूल स्वतःला नायकात किंवा नायिकेत पाहते, ते लिंगभेद ओलांडून; राक्षस, सावत्र आई आणि राजपुत्र ही त्याच्या मनातील संघर्षांचीच रूपे होत. मात्र त्याने आधार घेतला, तो ग्रिम बंधूंच्या संस्कारित पाठांचा. त्यांतील सावत्र आई संपादकाने आणलेली आहे, याचा त्याने पुरेसा विचार केला नाही. जॅक झाइप्स, मारिया टाटर, मरीना वॉर्नर इ. अभ्यासकांनी नंतरच्या काळात हा ऐतिहासिक पक्ष विस्ताराने मांडला.

दरम्यान, जुन्या संग्रहांतून धीट नायिका शोधून काढण्याचे व नव्या कथा रचण्याचे दोन्ही प्रयत्न झाले. एथेल जॉन्स्टन फेल्प्स हिचा १९७८ मधील संग्रह पहिल्या प्रकारचा, तर अँजेला कार्टर (१९४०–९२) हिच्या १९७९ मधील प्रौढांसाठीच्या कथा दुसऱ्या प्रकारच्या होत. रॉबर्ट मन्श याच्या १९८० मधील एका गोष्टीत राक्षसी सर्पाने कपडे जाळल्यावर एलिझाबेथ ही राजकन्या कागदी पिशवी अंगावर घालून निघते, सर्पाला बोलण्यात गुंतवून थकविते आणि रॉनल्ड या राजपुत्राला सोडविते. तो तिच्या अवताराला नावे ठेवतो, तेव्हा ती त्याच्याशी लग्न करण्याचे नाकारते. ऑस्ट्रेलियातील शिक्षणशास्त्रज्ञ ब्रॉन्विन डेव्हिस हिने ही गोष्ट शाळापूर्व वयाच्या मुलांना वाचून दाखविली आणि त्यांचे म्हणणे १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. गोष्टीतील विनोद काही मुलांना कळला. पण पुष्कळांना रॉनल्डच नायक वाटला आणि एलिझाबेथने त्याच्यापुढे जाण्याआधी अंग धुऊन चांगले कपडे घालायला हवे होते, असे त्यांचे मत पडले.